जुन्नर-आंबेगाव परिसरातील जुनी व्यक्तिनामे : कुलेतिहासाचे एक साधन

न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामाच्या अनुषंगाने २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला आणि जुन्या दप्तरांतील व्यक्तिनामांना पुराव्याचे मोल आले. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतही कोतवाल बुक (गाव नमुना १४), फेरफार व शाळांची जनरल रजिस्टरे यांतील नाव जसे लिहिले आहे तसेच टिपणे, ही कुलेतिहासाची पहिली अट ठरते.

धोंडू, दगडू, केरू, चिंधू ही नावे आजच्या वाचकास हीन वाटतात. वस्तुतः ती संरक्षक नावे होत. आधीची अपत्ये दगावलेल्या घरात नव्या बाळावर मृत्यूची नजर पडू नये म्हणून त्यास टाकाऊ वस्तूचे नाव देत. भिकू म्हणजे जणू भिक्षेत मिळालेला. म्हणून वंशावळीत ‘केरू’ आढळल्यास त्याच कोतवाल बुकातील मृत्यूच्या नोंदी आवर्जून पाहाव्यात. विस्मृत भावंडे तेथे सापडण्याचा संभव असतो. ‘नकुशा’ची गत वेगळी. तेथे मुलगीच नको हा उघड नकार आहे. सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये अशा मुलींचे प्रशासनाच्या पुढाकाराने पुन्हा नामकरण झाले.

दैवतांवरून आलेली नावे विपुल आहेत. शिवनेरीवरील शिवाईवरून शिवाजी हे नाव ठेवल्याची परंपरा सर्वश्रुत आहे. खंडू, मल्हारी, म्हाळसाबाई यांच्यामागे वडज-धामणखेलचा खंडोबा असू शकतो. तथापि नावावरून वंश वा धर्म ठरविणे धोक्याचे. शहाजी व शरीफजी ही नावे अहमदनगरच्या शाह शरीफ या पिरावरून ठेवली गेल्याचे सांगतात. मग पिराजी, फकिरा यांचे नवल ते काय? जुन्नरच्या लेण्यांतील यवन दात्यांपैकी एकाचे नाव तर ‘चंद’ आहे.

खरी अडचण एकाच व्यक्तीच्या अनेक रूपांची. धोंडू, धोंडिबा, धोंडीभाऊ हे तिघे एकच असू शकतात. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही, शब्द तोडून लिहिण्याची रीत नाही. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा पुत्र, हेही ठाऊक असावे लागते. त्यातच नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची प्रथा. सून सासऱ्याचे नाव घेत नसल्याने घरात तो बापू वा आप्पाच, आणि कधी तेच नाव शाळेतही लागे.

स्त्रियांचा माग सर्वांत अवघड. ‘कोम’ या शब्दापुढे पतीचे नाव येते. लग्नात बदललेले माहेरचे नाव त्या नोंदीत नसते. ते शोधायचे तर माहेरच्या गावचे दप्तरच उघडावे लागते.