मालव्हाझीया

मालव्हाझीया : (फ्रें. मालव्ह्वाझी, इं. मामझी, लॅ. व्हायटिस व्हिनिफेरा, कुल – व्हायटेसी). भूमध्य समुद्राभोवतीचे प्रदेश आणि अटलांटिक महासागरातील मादीरा व कानेरी बेटे येथे मद्यासाठी लागवडीत असलेल्या द्राक्षांच्या अनेक प्रकारांना दिले जाणारे नाव. बहुतेक प्रकारांची फळे पांढरी, म्हणजे हिरवट पिवळी असतात. काहींची तांबूस वा काळी असतात. काहींना मस्कट द्राक्षासारखा सुवास असतो, तर काहींना तो मुळीच नसतो. नामसाम्यावरून हे सर्व प्रकार एकाच मूळ वेलीचे वंशज असावेत, असा समज दीर्घकाळ होता. एकविसाव्या शतकाच्या आरंभी झालेल्या डीएनए परीक्षणांनी तो बव्हंशी निराधार ठरविला. या द्राक्षांना एकत्र आणणारी गोष्ट वंश नसून व्यापार होय. त्यामुळे त्यांचा इतिहास वनस्पतिविज्ञानाइतकाच बंदरांच्या व जहाजांच्या इतिहासात शोधावा लागतो.

नाव : ग्रीसमधील पेलोपनीसस द्वीपकल्पाच्या आग्नेय किनाऱ्यालगत समुद्रातून वर आलेल्या एका प्रचंड खडकावर मोनेमव्हासीया हे तटबंदीचे नगर आहे. सहाव्या शतकात वसलेल्या या नगरास किनाऱ्यावरून जाण्यास एकच अरुंद वाट असल्याने त्यास ‘एकच प्रवेश असलेले’ या अर्थाचे नाव पडले. बायझंटिन साम्राज्याचे ते एक महत्त्वाचे बंदर होते. मागील प्रदेशातील आणि इजीअन समुद्रातील बेटांवरील मद्य येथून परदेशी जाई व ते बंदराच्या नावाने ओळखले जाई. या नावाच्या मद्याचा उल्लेख १२१४ च्या सुमारास निकोलस मेसारितीझ या बायझंटिन धर्माधिकाऱ्याच्या लेखनात आढळतो. इटालियन व्यापाऱ्यांच्या तोंडी त्याचे ‘मालव्हाझीया’, फ्रेंचांच्या तोंडी ‘मालव्ह्वाझी’ आणि इंग्रजांच्या तोंडी ‘मामझी’ झाले. जेथून माल आला त्या ठिकाणाचे नाव मालास चिकटावे, हे व्यापारात नेहमीचेच आहे. मराठीतील ‘मोसंबी’ हा शब्दही मोझँबीक या नावावरून आला, असे मानले जाते. क्रीटमधील मालेव्हीझी या परगण्यावरून हे नाव पडले असेही काहींचे मत आहे. तथापि तेराव्या शतकातील ग्रीक उल्लेखात मोनेमव्हासीया हेच रूप असल्याने पहिली व्युत्पत्ती अधिक ग्राह्य वाटते.

व्यापाराचा इतिहास : मोनेमव्हासीया नगर तीन वर्षांच्या वेढ्यानंतर १२४८ मध्ये फ्रँक सरदारांच्या हाती पडले, १२६२ मध्ये पुन्हा बायझंटिन सत्तेकडे आले, १४६४ मध्ये व्हेनिसकडे गेले आणि १५४० मध्ये ऑटोमन तुर्कांनी ते घेतले. मद्याचा व्यापार मात्र या उलथापालथीत थांबला नाही; त्याचे केंद्र दक्षिणेस क्रीट बेटावर सरकले. क्रीट तेराव्या शतकाच्या आरंभापासून व्हेनिसच्या ताब्यात होते. बेटाला व त्याच्या राजधानीला व्हेनिसचे लोक कँडिया म्हणत. तेथील द्राक्षमळ्यांत तयार होणारे गोड मद्य ‘मालव्हाझीया’ या प्रस्थापित नावानेच विकले जाऊ लागले, आणि येथेच नावाचा मूळ गावाशी असलेला संबंध तुटला. व्हेनिस शहरात परदेशी मद्य विकणाऱ्या दुकानांनाच ‘मालव्हाझीया’ म्हणत. तेथील काही गल्ल्या व पूल अद्याप हे नाव धारण करून आहेत.

या मद्याला एवढी मागणी येण्याचे कारण त्याच्या टिकाऊपणात होते. उत्तर युरोपातील हलकी मद्ये काही महिन्यांत आंबट होत. मालव्हाझीयासाठी मात्र पिकलेले घड तोडून उन्हात सुकवीत. पाणी उडून गेल्याने रसातील शर्करेचे प्रमाण वाढे. किण्वनात त्यातील काही शर्करेचे अल्कोहॉल होई, पण वाढत्या अल्कोहॉलमुळे किण्व निष्क्रिय होऊन उरलेली शर्करा तशीच राही. असे तीव्र व गोड मद्य महिनोन्‌महिने जहाजात राहिले तरी सहसा बिघडत नसे. द्राक्षे उन्हात सुकविण्याची ही रीत फार जुनी असून इ. स. पू. सुमारे ७०० मधील ग्रीक कवी हेसिअड याने तिचे वर्णन केले आहे. मात्र एवढ्यावरून आजची मालव्हाझीया द्राक्षे प्राचीन ग्रीकांच्या मळ्यांतील आहेत, असे म्हणता येत नाही. प्राचीनत्व निश्चितपणे रीतीचे आहे; वेलीचे नव्हे.

इंग्लंडमध्ये हे मद्य राजकारणाचाही विषय झाले. लांब धनुष्यांसाठी लागणारे यू वृक्षाचे लाकूड इंग्लंडला परदेशातून आणावे लागे. म्हणून मामझीच्या आयात होणाऱ्या प्रत्येक पिंपामागे धनुष्याचे दहा चांगले दांडे आणावेत, असा कायदा तिसऱ्या रिचर्डच्या कारकीर्दीत १४८४ मध्ये झाला. पुढे क्रीटमधील मालाच्या वाहतुकीवरून इंग्लंड व व्हेनिस यांनी परस्परांवर जकाती लादल्या. चौथ्या एडवर्डचा भाऊ ड्यूक ऑफ क्लॅरन्स यास १४७८ मध्ये लंडनच्या टॉवरमध्ये मामझीच्या पिंपात बुडवून मारले, ही आख्यायिका शेक्सपिअरच्या रिचर्ड द थर्ड या नाटकामुळे सर्वतोमुखी झाली. ती खरी असो वा नसो, या मद्याचा त्या काळी किती बोलबाला होता हे तीवरून दिसते.

कँडियाला तुर्कांनी १६४८ मध्ये घातलेला वेढा १६६९ पर्यंत चालला. नगर पडल्यावर व्हेनिसचा क्रीटमधील मद्यव्यापार संपला. परंतु त्यापूर्वीच अन्यत्र या नावाची मद्ये तयार होऊ लागली होती. पोर्तुगालचा राजपुत्र हेन्री याने मादीरा बेटावर लावण्यासाठी कँडियाहून वेली मागविल्या होत्या, अशी नोंद १४५५ मध्ये तेथे गेलेला व्हेनिसचा दर्यावर्दी आल्व्हीझे कादामोस्तो याने केली आहे. कानेरी बेटे, सिसिली, सार्डिनिया, कॅटालोनिया व डाल्मेशियाचा किनारा येथेही मालव्हाझीया नावाच्या वेली पसरल्या. जेथे खरी वेल मिळाली नाही, तेथे स्थानिक द्राक्षापासून तशा धाटणीचे मद्य करून त्यास, आणि कालांतराने त्या द्राक्षासही, तेच नाव देण्यात आले.

प्रकार : एकट्या इटलीत मालव्हाझीया नावाचे दीड डझनाच्या आसपास प्रकार आहेत. त्यांपैकी तस्कनीतील मालव्हाझीया बिआंका लुंगा हा सुवासरहित प्रकार ‘व्हिन सांतो’ या गोड मद्यासाठी वापरतात. बेत्तीनो रिकासोली याने १८७२ मध्ये क्यांती मद्याचे जे मिश्रण सुचविले, त्यात लवकर पिण्याच्या मद्यासाठी काळ्या द्राक्षांबरोबर मालव्हाझीयाही होते. पुढे १९६७ च्या नियमांनी क्यांतीत पांढऱ्या द्राक्षांचा वापर सक्तीचा केला व त्यामुळे मद्य फिके पडले, अशी टीका झाली. क्यांती क्लासिको या मुख्य प्रदेशात २००६ च्या हंगामापासून पांढऱ्या द्राक्षांस बंदी आहे. हीच वेल क्रोएशियात ‘माराश्तिना’ या अगदी निराळ्या नावाने वाढते, हे लक्षणीय आहे. एड्रिअ‍ॅटिकच्या उत्तर टोकास इस्त्रिया व फ्रिऊली येथील मालव्हाझीया इस्त्रिआना हा प्रकार कोरड्या (शर्करारहित) पांढऱ्या मद्यासाठी प्रसिद्ध आहे. रोमच्या परिसरातील फ्रास्काती मद्यात मालव्हाझीया दी कँडिया आणि मालव्हाझीया देल लात्सिओ यांचा उपयोग करतात. पार्मा व प्याचेन्झा भागात मालव्हाझीया दी कँडिया आरोमातिका या सुवासिक द्राक्षाचे फसफसणारे मद्य होते. ‘कँडिया’ नावाचे हे दोन प्रकार परस्परांहून भिन्न आहेत आणि केवळ त्या नावावरून दोहोंचेही क्रीटशी नाते सिद्ध होत नाही. काळे प्रकार पीडमाँटमध्ये व दक्षिणेस पूल्या प्रांतात आढळतात.

इटलीबाहेर गोंधळ आणखी वाढतो. स्वित्झर्लंडच्या व्हाले परगण्यात व फ्रान्समधील ल्वार नदीच्या काही भागात ज्यास मालव्ह्वाझी म्हणतात, ते पीनो ग्री हे द्राक्ष होय. कॉर्सिकातील मालव्ह्वाझी म्हणजे व्हेर्मेंतिनो, तर रूसीयाँमधील म्हणजे तूर्बा. पोर्तुगालमधील मालव्हाझीया रेइ म्हणजे स्पेनच्या शेरी मद्याचे पालोमिनो द्राक्षच आहे.

वंशसंबंध : पानांचा आकार, लव, घडाची ठेवण यांवरून द्राक्षांचे प्रकार ओळखण्याची जुनी पद्धत हा गुंता सोडवू शकली नाही, कारण हवामान व जमीन यांनुसार ही लक्षणे बदलतात. डीएनएतील ठराविक खुणांची तुलना करण्याचे तंत्र उपलब्ध झाल्यावर अनेक प्रकारांचे जनक निश्चित झाले. मालव्हाझीया देल लात्सिओ ही मस्कट ऑफ अलेक्झांड्रिया व स्क्यावा ग्रोस्सा यांची संतती ठरली. म्हणजे ती मस्कट हँबर्ग या खाण्याच्या द्राक्षाची सख्खी बहीण होय. पूल्यातील काळी मालव्हाझीया नेग्रोआमारो व मालव्हाझीया बिआंका लुंगा यांच्या नैसर्गिक संकरातून झाली आहे. अशी तुरळक नाती सोडली, तर या समूहास समान पूर्वज नाही.

याच परीक्षणांनी एक उलट निष्कर्षही पुढे आणला. सिसिलीच्या उत्तरेकडील लीपारी बेटांतील, सार्डिनियातील, कॅटालोनियातील सीजेस गावची आणि डुब्रॉव्हनिकची मालव्हाझीया, तसेच कॅलेब्रियातील ग्रेको दी जेराचे हे सर्व एकच प्रकार असल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखविण्यात आले. मादीरातील मालव्हाझीया कांदिदा व कानेरी बेटांतील सुवासिक मालव्हाझीया हीही त्याचीच रूपे आहेत. डुब्रॉव्हनिकपासून मादीरापर्यंत विखुरलेल्या या बंदरांमध्ये समान असे काही असेल, तर तो मध्ययुगीन जहाजांचा मार्ग. द्राक्षाच्या फांदीचा तुकडा लावून वेल वाढविता येते व ती मूळ वेलीची तंतोतंत प्रत असते. तेव्हा एकाच वेलीच्या फांद्या बंदरोबंदरी गेल्या असल्या पाहिजेत. कॅलेब्रियात तिचे मालव्हाझीया हे नाव लोपले, तरी ‘ग्रेको’ म्हणजे ग्रीक या नावात तिच्या उगमाची आठवण राहिली. लान्सारोते या कानेरी बेटावरील मालव्हाझीया व्होल्कानिका ही याच वेलीची मार्माहुएलो या स्थानिक द्राक्षाशी झालेल्या संकराची संतती आहे. १७३०–३६ मधील ज्वालामुखीच्या उद्रेकाने तेथील शेते राखेखाली गाडली गेली. त्या काळ्या राखेत खोल खड्डे खणून, वाऱ्याच्या बाजूस दगडांचा अर्धवर्तुळाकार बांध घालून तेथे एकेक वेल लावतात.

ऱ्हास व रक्षण : ही मूळ वेल आज दुर्मिळ आहे. तिचे घड विरळ, उत्पन्न कमी आणि भुरी रोगास ती लवकर बळी पडते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतून भुरी आणि पाठोपाठ फायलोक्सेरा हा मुळे खाणारा कीटक युरोपात आला. उपाय म्हणून अमेरिकन खुंटांवर युरोपीय वेलींची कलमे करण्याची पद्धत सर्वत्र पडली. (महाराष्ट्रात खुंटांचा प्रसार झाला तो मुख्यतः क्षारयुक्त जमीन व पाण्याची टंचाई यांमुळे.) परंतु कलमे करताना शेतकऱ्याने जास्त पीक देणारे प्रकार निवडले आणि मालव्हाझीया मागे पडली. लीपारी बेटांतील मळे उजाड झाले व हजारो लोक ऑस्ट्रेलिया, अमेरिका येथे निघून गेले. १९६० नंतर ब्रेशाहून सालीना बेटावर आलेला चित्रकार व अभिकल्पकार कार्लो हाउनर याने पडीक मळे पुन्हा लावून घड वेताच्या चटयांवर सुकविण्याची जुनी रीत चालू ठेवली. १९७३ मध्ये तेथील मद्यास कायद्याने संरक्षित नाम मिळाले. सीजेस येथे ही वेल वाचली ती एका मृत्युपत्रामुळे. मान्वेल ल्योपिस या मुत्सद्द्याने १९३० नंतरच्या दशकात आपला मळा गावच्या रुग्णालयास दिला; मालव्हाझीयाची लागवड व मद्यनिर्मिती चालू ठेवावी, ही त्यातील अट होती. रुग्णालयाने ती पाळली आहे.

मादीरावर १८५२ च्या सुमारास भुरी व १८७२ मध्ये फायलोक्सेरा आला. तेथील मद्यात द्राक्षापासून काढलेली स्पिरिट मिसळून त्यास दीर्घकाळ उष्णता देतात. उष्णतेने चव सुधारते हे लक्षात आले ते जहाजांमुळे : ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे मादीराची पिंपे घेऊन मुंबई, मद्रास व कलकत्त्याकडे येत, आणि उष्ण कटिबंधातून जाऊन परत आलेल्या पिंपांना युरोपात अधिक किंमत मिळे. मादीरातील सर्वांत गोड मद्य आजही मालव्हाझीया वा मामझी या नावाने विकले जाते. पण त्यातील बहुतेक मालव्हाझीया दी सांऊ जॉर्ज या वेगळ्या प्रकाराचे असते. क्रीटहून आलेली मालव्हाझीया कांदिदा फार थोड्या जागी उरली असून त्यांत एकेकाळी जेझुइट पाद्र्यांच्या मालकीची असलेली, उंच कड्याच्या पायथ्याची फाझां दूस पाद्रिश ही चिंचोळी किनारपट्टी प्रसिद्ध आहे.

मूळ गावी या नावाचे मद्य कित्येक शतके होत नव्हते. ग्रीसने २०१० मध्ये ‘मोनेमव्हासीया–मालव्हासीया’ हे संरक्षित नाम मान्य केले असून त्यासाठी मोनेमव्हासीया नावाचे द्राक्ष मुख्यत्वे वापरावे लागते; असिर्तिको, किदोनित्सा इत्यादींची भर घालता येते. हे द्राक्ष प्रामुख्याने पारोस बेटावर टिकून राहिले. लीपारीच्या वा इटलीतील कोणत्याही मालव्हाझीयाशी ते एकरूप नाही.