धारवाडच्या बोर्डिंगातल्या बांगड्या

आमच्या निपाणी-चिकोडी भागात एखाद्या जुन्या माणसाची ओळख करून देताना ‘बोर्डिंगात राहून शिकलेला माणूस’ असं म्हणायची पद्धत आहे. त्या चार शब्दांत कौतुक असतं आणि न सांगता कळणारी गरिबीही असते. पुस्तकं मागून आणता येतात, फी कुणी तरी भरतं. पण परगावी गेलेल्या पोरानं रात्री पाठ कुठं टेकायची आणि दोन वेळा काय खायचं, हे ठरल्याशिवाय शिक्षण एक पाऊल पुढं सरकत नाही.

जातीनं ज्याला उंबऱ्याबाहेर ठेवलं, त्याला तर खिशात पैसे असूनही खोली मिळत नसे. 1917 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोद्याला नोकरीसाठी गेले, तेव्हा अमेरिकेतलं आणि लंडनमधलं शिक्षण त्यांच्या पाठीशी होतं. तरी त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी विश्रांतिगृहात कशीबशी सोय झाली, तीही लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी मोडली. त्यांच्या पुढच्या कामात वसतिगृहांना एवढं मोठं स्थान मिळालं, त्याचं एक मूळ मला या बडोद्याच्या अनुभवात दिसतं.

निपाणीपासून कोल्हापूर जवळ. तिथं शाहू महाराजांनी 1901 सालापासून एकामागून एक बोर्डिंगं उभी केली. मराठ्यांचं, जैनांचं, मुसलमानांचं, लिंगायतांचं. 1908 मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. जातवार बोर्डिंगं काढून जात कशी जाईल, असं आज कुणी विचारतं. प्रश्न रास्त आहे. पण ज्या काळात एका पंगतीला बसायला कुणी तयार नव्हतं, त्या काळात मुलं शहरात आणून शिकवायची तर दुसरी वाट कुठली होती? महाराजांनी मुलांना थांबवून ठेवलं नाही, हे मला मोलाचं वाटतं.

डिसेंबर 1924 मध्ये बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजींनी अध्यक्षपद घेतलेलं हे एकमेव अधिवेशन. त्याची आठवण बेळगावकर आजही अभिमानानं सांगतात. त्यानंतर चार महिन्यांच्या आत, एप्रिल 1925 मध्ये, त्याच जिल्ह्यातल्या निपाणीत बहिष्कृतांची मुंबई इलाखा प्रांतिक परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. आंबेडकर. निपाणी तेव्हाही तंबाखूचा गाव. वखारीत तंबाखू झोडपणारी, चाळणारी, खाटानं दिवसभर खोकणारी माणसं याच वस्त्यांतली. या दुसऱ्या सभेची आठवण निपाणीकरांनी बेळगावकरांइतक्याच अभिमानानं जपायला हवी होती. तशी ती जपली गेली नाही, हे सांगताना वाईट वाटतं.

त्याच वर्षाच्या जानेवारीत बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनं सोलापुरात पहिलं वसतिगृह सुरू केलं होतं. 1928 मध्ये बाबासाहेबांनी डिप्रेस्ड क्लासेस एज्युकेशन सोसायटी स्थापली आणि मुंबई सरकारच्या अनुदानावर हायस्कुलात शिकणाऱ्या मुलांसाठी आणखी वसतिगृहं निघाली. त्यांतलं एक धारवाडला. निपाणी काय, धारवाड काय, सगळा मुलूख तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. हे बोर्डिंग चालवण्याची जबाबदारी पडली निपाणीच्या बळवंतराव वराळे यांच्यावर. ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा सांगाती’ हे आठवणींचं पुस्तक लिहिणारे ते हेच.

बोर्डिंग चालवणं म्हणजे भाषण करणं नव्हे. सकाळी किती पोरं जेवणार, जोंधळा किती उरलाय, वाणी उधार देईल का, सरकारी अनुदान या महिन्यात येईल की पुढच्या, हा हिशेब रोजचा. अनुदान लांबलं की पहिला फटका भाकरीला बसायचा. शिवाय अस्पृश्य मानलेल्या जातींतही उतरंड होतीच. महार, मांग, चांभार एकमेकांच्या हातचं खात नसत. अशा घरांतली पोरं एका छपराखाली आणायची आणि एका चुलीवर शिजलेलं वाढायचं, हे समतेचं शिक्षण शाळेच्या वर्गात मिळणारं नव्हतं. ते स्वयंपाकघरातूनच द्यावं लागत होतं.

या बोर्डिंगाची एक आठवण महाराष्ट्रभर सांगितली जाते. बाबासाहेब परदेशी होते, तेव्हा रमाबाई काही दिवस धारवाडला वराळे कुटुंबाकडे राहायला आल्या. अंगणात पोरं खेळायची, त्यांचा कालवा रमाबाईंच्या कानावर पडायचा. एके दिवशी अंगण सामसूम झालं. दुसऱ्या दिवशीही तेच. रमाबाईंनी विचारलं तेव्हा वराळ्यांना सांगावं लागलं, की धान्य संपलंय, अनुदान अजून आलेलं नाही आणि पोरं उपाशी आहेत. रमाबाई आत गेल्या. हातातल्या सोन्याच्या बांगड्या आणि जवळचा डागिना आणून वराळ्यांपुढं ठेवला आणि गहाण टाकून किंवा विकून पोरांना जेवू घाला, म्हणून सांगितलं. त्या दिवशी चूल पेटली. पोरांनी त्यांना आई मानलं, आणि रमाई हे नाव घराघरांत का गेलं ते या एका प्रसंगातून कळतं. ज्या बाईनं स्वतः आयुष्यभर उपास काढले, तिच्याकडं दुसरं होतं तरी काय? 1935 मध्ये त्या गेल्या, तेव्हा त्यांनी चाळिशीही गाठली नव्हती.

बळवंतराव 1937 च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षातर्फे बेळगाव जिल्ह्यातून मुंबईच्या कायदेमंडळात गेले. पुढं बाबासाहेबांनी मराठवाड्यात कॉलेज काढायचं मनावर घेतलं, तेव्हा वराळ्यांना औरंगाबादला बोलावून घेतलं आणि निपाणीचा हा माणूस तिकडचा झाला. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं ते कॉलेज 1950 च्या जूनमध्ये सुरू झालं, निजामाची राजवट संपून दोन वर्षंही झाली नव्हती तेव्हा. त्याला पुढं मिलिंद हे नाव मिळालं आणि परिसर झाला नागसेनवन. भिक्खू नागसेनाला प्रश्नांमागून प्रश्न विचारणारा आणि उत्तर पटलं की ते मोकळ्या मनानं मान्य करणारा राजा म्हणजे मिलिंद. बौद्ध परंपरेतून इतकं नेमकं नाव काढून ते कॉलेजाला देणं, यात बाबासाहेबांची सारी शिक्षणदृष्टी आली. याच मिलिंदच्या परिसरात प्राचार्य म. भि. चिटणीसांनी ‘युगयात्रा’ नाटक लिहिलं, याच कॉलेजातल्या गंगाधर पानतावण्यांनी ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक चालवलं. खेड्यातून चालत आलेली पोरं तिथं राहिली, जेवली, रात्री जागून वाचत बसली आणि मग लिहू लागली. दलित साहित्याचा इतिहास सांगताना आपण पुस्तकांची नावं घेतो. वसतिगृहांच्या खोल्याही त्यात घ्यायला हव्यात.

इकडं आमच्या सीमेवर 1956 मध्ये निपाणी म्हैसूर राज्यात गेली. गावाला खेटून, पण महाराष्ट्राच्या हद्दीत, अर्जुननगरला देवचंद कॉलेज उभं राहिलं. आजही निपाणीची पोरं राज्य ओलांडून कॉलेजला जातात आणि दुपारी जेवायला घरी येतात. ज्यांचं घर खेड्यात आहे, त्यांची मात्र जेवणाची नि राहण्याची पंचाईत शंभर वर्षांपूर्वीसारखीच.

25 जानेवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती म्हणून शपथ घेतलेले प्रसन्न वराळे हे बळवंतरावांचे नातू. जन्म 1962 चा, निपाणीतला. ही बातमी आमच्या भागात आनंदानं वाचली गेली. पण तो आनंद पेढ्यांवर संपू नये. तुमच्या तालुक्याच्या गावी मागासवर्गीय मुलामुलींचं वसतिगृह असेल, तर या दिवाळीनंतर एकदा तिथं जा. जाताना जेवायची वेळ साधा. ताटात काय वाढलंय ते बघा, आणि अनुदान किती महिन्यांचं थकलंय हे अधीक्षकांना विचारा.