मुख्याधिकाऱ्यांची सही

सकाळी सहाला हजेरी शेडवर मुकादम नावं पुकारत होता. मुख्याधिकारी मॅडम शेजारी उभ्या राहून रजिस्टर आणि समोरची माणसं ताडून पाहत होत्या. दोन घंटागाड्या का बंद आहेत, हे आरोग्य निरीक्षकांना तिथेच विचारून झालं. ‘क’ वर्गाची नगरपरिषद, म्हणजे लोकसंख्या चाळीस हजारांच्या आत; पण पाणी, कचरा, दिवाबत्ती, घरपट्टीची वसुली या सगळ्याचा जाब शेवटी याच टेबलावर येतो.

अकरानंतर नस्त्या सुरू झाल्या. एका गटारीचं बिल होतं. टिपणीवर अभियंत्याची आणि लेखापालाची सही झालेली. मॅडमनी मोजमाप पुस्तक मागवलं, पानं उलटली आणि अभियंत्याला घेऊन थेट त्या गल्लीत गेल्या. टेप टाकला. दोन ठिकाणी गटारीची खोली नोंदीपेक्षा कमी भरली. ठेकेदार “करून देतो, मॅडम” म्हणत राहिला. “आधी करा, मग बिल.” नस्ती परत गेली.

1965च्या नगरपरिषद अधिनियमाने या पदाला सभेत बसायला लावलंय, मत मात्र दिलेलं नाही. नेमणूक शासनाची, ठराव नगरसेवकांचे आणि अंमलबजावणी मुख्याधिकाऱ्यांची. निवडणुका रखडल्या त्या काळात कितीतरी गावांत मुख्याधिकारीच प्रशासक होते. ठराव करणारा आणि राबवणारा एकच. मला ते कधीच पटलं नाही. गावाच्या पैशाबद्दल भांडायला समोर कुणीतरी निवडून आलेलं हवंच.

दुपारच्या सर्वसाधारण सभेत तसं भांडण झालंही. बागेसाठी आरक्षित असलेली जागा एका मंडळाला द्यायचा विषय आला. मॅडम उभ्या राहिल्या. “विकास आराखड्यात आरक्षण आहे. देता येणार नाही. माझा अभिप्राय इतिवृत्तात घ्या.”

“गावाचंच काम आहे ना, मॅडम?” मागच्या बाकावरून आवाज आला. ठराव बहुमताने मंजूर झाला.

या पदाची खरी ताकद मला त्यानंतरच्या तासाभरात दिसली. मॅडमनी लिपिकाला बसवून कलम 308 खालचा प्रस्ताव सांगायला घेतला. बेकायदा ठराव स्थगित करायचा अधिकार या कलमाने जिल्हाधिकाऱ्यांना आहे. उद्या पुन्हा याच नगरसेवकांबरोबर पाण्याच्या टाकीचं काम करायचं आहे, हे ठाऊक असूनही त्या एकेक वाक्य तोलून सांगत होत्या, एक विशेषण त्यांनी खोडायला लावलं. आराखड्याचा नकाशा आणि अभिप्रायाची प्रत जोडून प्रस्ताव संध्याकाळीच जिल्हाधिकारी कार्यालयाकडे रवाना झाला.