आकडा किती हे नंतर, कसला हे आधी

छापील आकड्यांशी वागण्याच्या आपल्या दोन तऱ्हा आहेत. एक तर आकडा ब्रह्मवाक्य मानायचा, नाही तर ‘आकडे काय, हवे तसे फिरवता येतात’ असे म्हणून झटकून टाकायचा. दोन्हीमागे एकच चूक असते. आकडा ‘किती’ आहे हे आपण लगेच पाहतो. तो ‘कसला’ आहे आणि आला कुठून, हे विचारायचे राहून जाते. संख्याशास्त्राचा पहिला धडा सूत्रांचा नसून या दोन प्रश्नांचा आहे. ते न विचारल्यामुळे रूढ झालेले काही गैरसमज इथे तपासू.

गैरसमज १ : अंकांत लिहिलेली माहिती ही संख्यात्मकच असते.

वस्तुस्थिती : पुण्याच्या मुख्य टपाल कचेरीचा पिनकोड ४११००१ आणि नागपूरचा ४४०००१. नागपूरचा आकडा मोठा आहे, पण त्यावरून नागपूर कोणत्याही बाबतीत पुण्यापेक्षा ‘जास्त’ ठरत नाही. या दोन आकड्यांची बेरीज किंवा सरासरी काढली, तर हाती काहीच लागत नाही. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ही पद्धत टपाल खात्यातील वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखली. पहिला अंक विभाग दाखवतो. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांच्या वाट्याला ४ आला आहे. पिनकोडात माहिती भरपूर आहे, पण ती मोजमापाची नाही. ते अंकांत लिहिलेले नाव आहे. मोबाइल क्रमांक, एसटी बसचा नोंदणी क्रमांक, खेळाडूच्या पाठीवरचा क्रमांक ही सगळी याच वर्गातली.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ले स्मिथ स्टीव्हन्स यांनी १९४६ साली मोजमापाचे चार स्तर मांडले. ते आजही पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमात शिकवले जातात. पहिला स्तर नुसत्या नावाचा : पिनकोड, रक्तगट, मातृभाषा. दुसरा क्रमाचा : पहिला, दुसरा, तिसरा, किंवा समाधानी, बरा, असमाधानी. तिसऱ्यात दोन आकड्यांमधले अंतर अर्थपूर्ण असते, पण शून्य मानलेले असते : सेल्सिअसमधले तापमान. चौथ्यात शून्य खरे असते, म्हणून ‘दुप्पट’, ‘निम्मे’ असे म्हणता येते : वजन, उंची, पाऊस, उत्पन्न. वरच्या स्तरावरची माहिती खालच्या स्तरावर आणता येते, उलट मात्र जमत नाही. उंचीवरून मुलांना रांगेत उभे करता येते. रांगेतल्या क्रमांकावरून उंची सांगता येत नाही.

हे स्तर म्हणजे कायदा नव्हे. फ्रेडरिक लॉर्ड यांनी १९५३ साली फुटबॉलपटूंच्या क्रमांकांवर एक मिश्कील लेख लिहून स्टीव्हन्स यांच्या कडक नियमांना चिमटा काढला होता. क्रमांकवाटपात कुणाला मुद्दाम लहान आकडे मिळाले का, असा प्रश्न असेल, तर त्या क्रमांकांची सरासरीही कामाची ठरते, असा त्यांचा मुद्दा होता. थोडक्यात, कोणते गणित चालेल हे आकड्याच्या प्रकाराबरोबरच विचारलेल्या प्रश्नावरही ठरते.

गैरसमज २ : ४० अंश म्हणजे २० अंशांच्या दुप्पट उष्णता.

वस्तुस्थिती : हेच दोन आकडे फॅरनहाइटमध्ये लिहा : १०४ आणि ६८. आता पहिला दुसऱ्याच्या दीडपट झाला. केल्व्हिनमध्ये लिहा : सुमारे ३१३ आणि २९३. आता फरक जेमतेम सात टक्के. हवा तीच, एकके बदलली आणि पट बदलली. म्हणजे ‘दुप्पट’ हा शब्द हवेविषयी नव्हे, मोजपट्टीविषयी सांगत होता. सेल्सिअसचे शून्य म्हणजे पाणी गोठण्याचा बिंदू, उष्णतेचा अभाव नव्हे.

पावसाचे तसे नाही. ५० मिलिमीटर पाऊस २५ मिलिमीटरच्या दुप्पट आहे आणि इंचांत मोजला तरी दुप्पटच राहतो, कारण तिथे शून्य म्हणजे खरोखर कोरडे. ‘कितीपट’ असे लिहिण्याआधी एकक बदलून पाहावे. पट टिकली तर ती खरी.

गैरसमज ३ : ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण.

वस्तुस्थिती : एमएचटी-सीईटीच्या निकालानंतर घरोघरी होणारा हा घोटाळा. ९० पर्सेंटाइलचा अर्थ २०० पैकी १८० गुण असा नाही. त्या सत्रात परीक्षा दिलेल्यांपैकी ९० टक्के उमेदवारांचे गुण तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी आहेत, एवढाच त्याचा अर्थ. परीक्षा अनेक सत्रांत आणि वेगवेगळ्या प्रश्नपत्रिकांवर होते, त्यामुळे कच्चे गुण थेट तोलणे अन्यायाचे ठरते. म्हणून आपापल्या सत्रातले स्थान पाहतात.

पर्सेंटाइल हा क्रमाच्या स्तरावरचा आकडा आहे, आणि क्रमांकांमधली अंतरे सारखी नसतात. गुणांच्या मधल्या पट्ट्यात उमेदवारांची दाटी असते, तिथे दोन-चार गुणांनी पर्सेंटाइल बराच सरकतो. टोकाला गर्दी विरळ असते. ९९ वरून ९९.९ वर जायला कितीतरी जास्त गुण लागतात. म्हणून ‘पाच पर्सेंटाइल वाढले’ या वाक्यावरून मेहनत किती वाढली हे कळत नाही. ते पाच कुठून कुठे गेले, हेही सांगावे लागते.

गैरसमज ४ : सरासरी म्हणजे सर्वसाधारण परिस्थिती.

वस्तुस्थिती : पाच जणांचा महिन्याचा पगार बारा, चौदा, पंधरा, सोळा आणि अठरा हजार रुपये आहे. सरासरी, म्हणजे पाठ्यपुस्तकातला ‘मध्य’, पंधरा हजार. आता अठरा हजारवाल्याच्या जागी एक लाख अठरा हजार मिळवणारा माणूस आणा. सरासरी एकदम पस्तीस हजारांवर जाते, आणि पाचांपैकी चौघांना तिच्या निम्म्याहूनही कमी पगार असतो. पगार चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, म्हणजे मध्यक, मात्र पंधरा हजारांवरच थांबतो. पगार, घरांच्या किमती, जमीनधारणा अशा एका बाजूला लांब शेपूट असलेल्या माहितीत मध्यकच खरे चित्र दाखवतो. आणि माहिती नुसत्या नावांची असेल, उदाहरणार्थ रक्तगट, तर मध्य आणि मध्यक दोन्ही बाद. तिथे फक्त बहुलक, म्हणजे सर्वांत जास्त वेळा आलेले नाव, सांगता येते.

सरासरीत आणखी एक गोष्ट लपते : पसारा. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास असतो. दोन्ही मिळून काढलेली सरासरी ना महाबळेश्वरच्या कामाची, ना माणच्या. देशपातळीवर तर हे आणखी मोठ्या प्रमाणात घडते. हवामान विभाग देशाचा पाऊस दीर्घकालीन सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के असेल, तर मोसमी पाऊस ‘सामान्य’ ठरवतो. ही सरासरी जून ते सप्टेंबर या काळासाठी सुमारे ८७ सेंटिमीटर आहे. देशात ‘सामान्य’ आणि आपल्या शिवारात दुष्काळ, यात म्हणूनच विसंगती नाही. सरासरीसोबत पसाऱ्याचे एखादे माप, निदान सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडा, मागून घ्यावे.

शिवाय ‘सरासरी’ नावाने चालणारी प्रत्येक गोष्ट सारख्याच रीतीने काढलेली नसते. डॉन ब्रॅडमन यांची कसोटीतली ९९.९४ ही फलंदाजीची सरासरी सर्वांना पाठ आहे. त्यांनी ८० डावांत ६९९६ धावा केल्या, पण भागाकार केला जातो ७० ने, कारण दहा डावांत ते नाबाद होते. डावांनी भागले तर उत्तर येते ८७.४५. दोन्ही आकडे खरे, प्रश्न वेगळे. भाजक कोणता, हे विचारल्याशिवाय सरासरी वाचू नये.

गैरसमज ५ : वय ही साधी, नेमकी संख्या आहे.

वस्तुस्थिती : संख्यात्मक माहितीचे दोन भाग पडतात. मोजता येणारी ती खंडित : घरातली माणसे, शेतातली झाडे. मापावी लागणारी ती अखंडित : उंची, वजन, वेळ. वय खरे तर अखंडित आहे, ते क्षणाक्षणाने वाढते. नोंदवताना मात्र आपण पूर्ण झालेली वर्षे लिहितो आणि ते खंडित करून टाकतो.

त्यात माणसाचा स्वभाव मिसळतो. भारताच्या जनगणनांमध्ये ३०, ३५, ४०, ४५ अशा शून्य किंवा पाचने संपणाऱ्या वयांवर लोकांची गर्दी दिसते, कारण नक्की जन्मतारीख ठाऊक नसलेला माणूस ढोबळ आकडा सांगतो. ही गर्दी मोजायला व्हिपल निर्देशांक वापरतात. तो २३ ते ६२ या वयांवरून काढतात. मुळीच गर्दी नसेल तर १००, आणि सगळ्यांनीच शून्य किंवा पाचने संपणारे वय सांगितले तर ५००. मोजमापातही माणसाची सवय शिरते, आणि तीही मोजता येते, हा या शास्त्राचा मोठेपणा.

गैरसमज ६ : नमुना जितका मोठा, तितका निष्कर्ष भरवशाचा.

वस्तुस्थिती : १९३६ साली अमेरिकेत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीसाठी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या. निष्कर्ष : रिपब्लिकन पक्षाचे आल्फ्रेड लँडन ५७ टक्के मते घेऊन जिंकणार. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ६० टक्क्यांहून अधिक मते मिळवली आणि लँडन यांच्या पदरात ४८ पैकी दोन राज्ये पडली. पत्ते मुख्यतः टेलिफोनच्या याद्या आणि मोटारींच्या नोंदणीतून घेतले होते. मंदीच्या त्या काळात फोन आणि मोटार असलेला मतदार हा सरसकट मतदारांचा प्रतिनिधी नव्हता. त्यात पत्रिका परत पाठवण्याची तसदी घेतली ती थोड्यांनीच. जनमत चाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी याहून कितीतरी लहान नमुन्यावरून रूझवेल्ट जिंकतील हे बरोबर सांगितले.

शितावरून भाताची परीक्षा होते, ती शिते शंभर उचलली म्हणून नव्हे, तर भात सगळीकडे सारखा शिजलेला असतो म्हणून. समाज तसा सारखा नसतो, म्हणून निवड यादृच्छिक हवी : प्रत्येकाला नमुन्यात येण्याची ठरलेली संधी मिळाली पाहिजे. ती अट पाळली, तर हजार माणसांच्या साध्या यादृच्छिक नमुन्यातून टक्केवारी बहुतेक वेळा साधारण तीन टक्के इकडेतिकडे एवढ्या अचूकतेने सांगता येते. मग लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतल्या गोव्यासारखी साडेचौदा लाख असो की उत्तर प्रदेशासारखी वीस कोटी.

नमुना पाहणीच्या शास्त्रात भारताचा वाटा मोठा आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली, आणि त्यांच्याच पुढाकाराने १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. त्यांचा जन्मदिवस, २९ जून, आता राष्ट्रीय सांख्यिकी दिन आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी पीक कापणी प्रयोगांच्या पद्धतीत मोलाची भर घातली. त्यांचा महालनोबिस यांच्याशी गाजलेला वाद शेतात आखायच्या तुकड्याच्या आकारावरून होता. तुकडा फार लहान असेल, तर काठावरची रोपे आत धरली जातात आणि एकरी उत्पन्न फुगून दिसते, हे सुखात्म्यांनी दाखवले. असे हजार लहान तुकडे कापले तरी ती चूक जात नाही, कारण प्रत्येक तुकडा एकाच बाजूला झुकलेला असतो. आपल्याकडे पीक कापणी प्रयोगांवर पीक किती आले हे ठरवणाऱ्या पैसेवारीसारखे निर्णय अवलंबून राहत आले आहेत, तेव्हा हा वाद पुस्तकी नव्हता.

गैरसमज ७ : दोन गोष्टी एकत्र वाढतात, म्हणजे एकीमुळे दुसरी घडते.

वस्तुस्थिती : प्राथमिक शाळेत ज्या मुलांचा बूट मोठा, त्यांचे वाचन चांगले, असा सहसंबंध हमखास सापडेल. कारण उघड आहे : वय. हा तिसरा घटक नेहमी इतका उघड नसतो. एखाद्या शहरात कर्करोगाचे रुग्ण जास्त नोंदले गेले, तर तिथली हवा वाईट असेल, किंवा तिथे तपासणीची सोय जास्त असेल. नोंद वाढली की आजार, हे नुसत्या आकड्यातून कळत नाही.

मात्र ‘सहसंबंध म्हणजे कारण नव्हे’ एवढे म्हणून विषय संपत नाही. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० साली धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला. पुढे डॉक्टरांच्याच मोठ्या गटावर वर्षानुवर्षे नजर ठेवली. इतर शक्यता एकेक करून वगळल्या, आणि मग कारण मान्य झाले. सहसंबंध ही तपासाची सुरुवात असते.

यापुढे बातमीत, जाहिरातीत किंवा निकालपत्रात आकडा दिसला, तर तीन गोष्टी विचारा. हे नाव आहे, क्रम आहे की खरे माप? तो कुणाकडून, कसा मिळवला? सरासरी असेल तर मध्यक किती आणि पसारा केवढा? आकडा देणाऱ्याला यांची उत्तरे देता आली नाहीत, तर त्या आकड्याच्या भरवशावर ना पैसे गुंतवा, ना मत बनवा.