ब्राउझर ओसरीवरच

फायरफॉक्सच्या पत्त्याच्या पट्टीत मी वेबसाइटऐवजी माझ्याच होम फोल्डरचा पत्ता टाकला. एंटर दाबताच सगळं घर समोर आलं: पॅनकार्डाचं स्कॅन, घराचा करारनामा, सर्व्हरच्या एसएसएच किल्ल्या. ब्राउझर आपल्या नावानं चालतो. आपल्याला जे उघडता येतं, ते त्यालाही येतं.

ऑगस्ट २०१५मध्ये याचाच फायदा कुणीतरी घेतला. एका रशियन बातम्यांच्या साइटवरची जाहिरात फायरफॉक्सच्या पीडीएफ दाखवणाऱ्या भागातल्या फटीतून आत शिरत होती आणि लिनक्सवर नेमक्या अशाच किल्ल्या शोधत होती. क्लिक करायचीही गरज नव्हती. मोझिलानं ३९.०.३ आवृत्तीत ती फट बुजवली.

म्हणून मी डेबियन लिनक्सवर फायरजेल हे ब्राउझरला कोंडून चालवणारं साधन बसवलं. टर्मिनलमध्ये आधी त्याचं नाव, मग फायरफॉक्सचं, एवढीच आज्ञा. पहिला अर्धा तास मात्र फुकट गेला. फायरफॉक्स आधीच चालू होता, त्यामुळे नवी खिडकी त्या मोकळ्या प्रोसेसमधूनच उघडत होती. सगळं बंद करून पुन्हा सुरू केलं, तोच पत्ता टाकला. नेहमीच्या फोल्डरांपैकी एकटा डाउनलोड्स उरला होता!

बाकीच्या फायली जागच्या जागीच असतात. लिनक्सचा कर्नल त्या एका प्रोसेसला फायलींचं वेगळं, तोकडं चित्र दाखवतो. जोडीला सेककॉम्पची चाळणी असते: ब्राउझरला न लागणारे सिस्टिम कॉल तिथेच अडतात. पाहुण्याला ओसरीवर बसवायचं, चहा द्यायचा, माजघराचं दार लोटून घ्यायचं, तसंच हे.

जाच होतो, नाही असं नाही. फॉर्मला फोटो जोडायचा तर तो आधी डाउनलोड्समध्ये आणून ठेवावा लागतो. फायरजेलच्या प्रायव्हेट पर्यायात तर होम फोल्डरच तात्पुरता असतो. बँकेच्या कामाला मला तो आवडतो, पण त्यात उतरवलेली वीजबिलाची पावती खिडकी बंद करताच गेली. चूक माझीच.

ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड फायरजेल लपवत नाही, कारण ते ब्राउझरच्याच प्रोफाइलमध्ये, म्हणजे पाहुण्याच्या पिशवीतच असतात. आणि अपलोडसाठी डाउनलोड्समध्ये आणलेलं पॅनकार्ड काम झालं की लगेच हलवा. तोवर ते ओसरीवरच पडलेलं असतं.