धान घरात आला की वाजतो गोंदिया

गोंदिया जिल्ह्यात गाणे-बजावणे समोर बसून ऐकायचे असेल, तर सभागृहांचे पत्ते विचारून फारसे हाती लागत नाही. धान कापणी कुठवर आली ते विचारावे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीसह ज्याला ‘झाडीपट्टी’ म्हणतात त्या मुलखात येतो. तळी, जंगल आणि धानाची बांधी हे इथले जगणे. खरिपाचा हलका धान दिवाळीच्या आगेमागे निघू लागतो, हातात चार पैसे येतात आणि वाद्ये खुंटीवरून उतरतात. कोणते पथक ऐकावे, याचे उत्तर म्हणूनच इथे महिन्यागणिक बदलते.

सुरुवात बलिप्रतिपदेच्या गायगोधनापासून होते. गुरे राखणारा गोवारी समाज त्या दिवशी उंच सजवलेली ढाल घेऊन डफ आणि बासरीवर नाचतो. घरोघरी आशीर्वाद देणारे ‘बिरवे’ म्हटले जातात आणि घरधनी धान किंवा पैसे देतो.

भाऊबीजेपासून मंडई सुरू होते. मंडई म्हणजे गावाची एक दिवसाची जत्रा. प्रत्येक गाव आपला दिवस वेगळा ठरवते, त्यामुळे लेकी-जावई, पाहुणे आणि कलावंत या गावातून त्या गावात जाऊ शकतात. दिवसा दुकाने, मुरमुरे, खेळणी. आणि मैदानात दंडार. हातातल्या टिपऱ्या एकमेकींवर आपटत पुरुष गोल फेर धरतात, ढोलक आणि झांज लय धरते. स्त्री-भूमिकाही परंपरेने पुरुषच करतात. दंडार ऐकताना कान टिपऱ्यांवर ठेवावा. फेर वाढत जातो तशी लय चढते, आणि वीस-पंचवीस हातांतून एकच ठोका निघतो. तो फुटू लागला की जाणकार गावकऱ्यांच्या लगेच लक्षात येते.

मंडईतली दुसरी ऐकण्याजोगी गोष्ट खडी गंमत. कलावंत उभे राहून सादर करतात म्हणून ‘खडी’. गण, गवळण, झगडा, लावणी, वग असा तिचा क्रम. सोबतीला ढोलकी, डफ, तुणतुणे, झांज. तिचा खरा कस लागतो तो ‘दुय्यम’ सामन्यात. दोन शाहिरांचे संच समोरासमोर येतात. एकाने गाण्यातून कूट घालायचे, दुसऱ्याने त्याच चालीत उत्तर द्यायचे. तुरा आणि कलगी या जुन्या पक्षांची ही चढाओढ आहे. नवख्याने मंडईत एकच कार्यक्रम ऐकायचा ठरवला, तर तो दुय्यम असावा. पाठ केलेले गाणे तिथे पुरत नाही. शाहिराची बुद्धी आणि ढोलकीवाल्याचा हात दोन्ही जागे लागतात.

कार्तिकातल्या दवाने डफाचे चामडे सैल पडते. मग बाजूला तणसाचा जाळ करून डफ त्यावर फिरवतात. तळव्याने ठोकून बघायचे, आवाज बसका वाटला की पुन्हा शेकायचे. जाळ जास्त झाला तर कातडे फाटते, त्यामुळे हे काम पोराटोरांच्या हाती देत नाहीत.

थंडी वाढली की रात्र नाटकाची. झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन होळीच्या सुमारास ओसरतो. कंपन्यांचे मोठे ठाणे गडचिरोली जिल्ह्यातील वडसा, म्हणजे देसाईगंज. तिथून नाटके अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनी, देवरीकडच्या गावांत येतात. पुष्कळ ठिकाणी दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री नाटक अशी सांगड असते. या शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात त्या पुन्हा सुरू झाल्या. शर्यती बंद झाल्या म्हणून नाटके थांबली नाहीत. या रंगभूमीवरचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली.

रात्री दहाच्या पुढे पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत खेळ चालतो. संगीतप्रेमीने वादकांच्या शक्य तितके जवळ बसावे. ऑर्गन, तबला, ढोलकी यांच्याबरोबर आता ऑक्टोपॅड आणि की-बोर्डही आले, तरी वाजते सगळे समोरच. पात्र रंगात येऊन गाणे लांबवते, प्रेक्षकांतून ‘वन्स मोअर’ येतो, आणि ऑर्गनवाल्याला त्याच सुरावर परत येऊन पात्राची वाट बघावी लागते. पात्राचा सूर घसरला तर तो सांभाळायचाही त्यानेच. शहरी नाटकांतून हे कसब जवळजवळ गेले आहे. झाडीपट्टीत मात्र त्यावर आजही घरे चालतात, आणि ते टिकावे इतके मोलाचे आहे.

माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातील धनेगावजवळ कचारगडची यात्रा भरते. गोंडी धर्मीयांचे हे मोठे श्रद्धास्थान असून मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातूनही लोक येतात. गोंडी आख्यायिकेत इथल्या गुहेत कोंडलेल्या ३३ मुलांची सुटका संगीतामुळे झाली. हिरासुका पाटारी नावाच्या वादकाने किंगरी वाजवली, तिच्या सुरांनी मुलांच्या अंगी बळ आले आणि त्यांनी गुहेच्या तोंडावरची शिळा ढकलली. त्या शिळेखाली वादक मात्र गेला. वादकाच्या बलिदानाची ही कथा डोक्यात ठेवून यात्रेतले ढोल, मांदरी आणि रेला गीते ऐकावीत. गोंडांच्या वंशकथा गाणाऱ्या परधानांचे तंतुवाद्य, बाना, कुठे ऐकायला मिळाले तर इतर सारे सोडून तिथे थांबावे.

धानाच्या हंगामाशी न बांधलेले संगीतही इथे आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या परंपरेतली खंजिरी भजने गावोगावच्या मंडळांत होतात. एप्रिलमध्ये आंबेडकर जयंतीच्या आसपास भीमगीतांचे आणि कव्वालीचे कार्यक्रम रात्र रात्र रंगतात.

लग्नसराईत आणि गणपती-दुर्गा विसर्जनात रस्ता धुमालचा. नागपूरपासून दुर्ग-रायपूरपर्यंतच्या पट्ट्यातला हा वाद्यप्रकार गोंदिया शहरात जोरात आहे. विजेवर चालणारा बेंजो चाल वाजवतो. ढोल, ताशे, झांजा आणि पॅड मागून कोसळतात. धुमाल निवडताना आवाजाच्या भिंतीला भुलू नये. बेंजोवाल्याची बोटे स्वच्छ चालतात का आणि ताशा त्याच्या चालीला जागा देतो का, हे पाहावे. ऐकायला थोडे लांब उभे राहिलेलेच बरे. कानांनाही ते सोसते आणि चालही कळते.

आषाढात पाऊस लागला की बहुतेक वाद्ये पुन्हा खुंटीला जातात. मग चिखलात वाकून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, लावणाऱ्या बायका रोवण्याची गाणी म्हणतात. एकीने ओळ उचलायची, बाकीच्यांनी झेलायची. सोबतीला वाद्य नसते, आणि ऐकणाऱ्याला बांधावर उभे राहून ऐकावे लागते.