जुनी मोटारगाडी घेण्यापूर्वीं

शेतकऱ्याच्या दारांत मोटारगाडी उभी असणें ही आतां केवळ हौसेची बाब राहिलेली नाहीं. आजाऱ्यास रात्रीं-अपरात्रीं तालुक्याच्या दवाखान्यांत नेणें, मुलांस परीक्षेच्या ठिकाणीं पोहोंचविणें, बियाणें व औषधें आणणें, या सर्व कामीं तिचा उपयोग होतो. नव्या गाडीची किंमत ऐकून पुष्कळ जण मागें सरतात आणि ऊस किंवा कांदा यांचे पैसे हातीं आले कीं जुन्या गाडीचा शोध करूं लागतात. यांत वावगें कांहीं नाहीं. नीट पारखून घेतलेली जुनी गाडी पुष्कळ वर्षें इमानानें चाकरी करते. परंतु बैल घेतांना जो त्याचे दांत मोजतो व जमीन घेतांना सातबारा तीनदां वाचतो, तोच माणूस मोटारीचा नुसता रंग पाहून बयाणा देऊन मोकळा होतो, हें आम्हीं वारंवार पाहिलें आहे. आमच्या घरींहि तेंच घडलें; म्हणून हा लेखनप्रपंच.

सन २०१९ च्या ऑगस्ट महिन्यांत सांगली-कोल्हापूर भागांत महापूर आला, हें वाचकांस स्मरत असेलच. त्यानंतरच्या हिवाळ्यांत आमच्या भाच्यानें एका विक्रेत्याकडून बरीच स्वस्त अशी एक गाडी ठरविली व आम्हांस दाखविण्यास आणली. आम्हीं महसूल खात्यांत उभा जन्म कागद तपासण्यांत घालविला. परंतु त्या दिवशीं आम्हीं कागद मागितला नाहीं. गाडी चकचकीत दिसली, भाच्याचा चेहरा आनंदित दिसला, आणि आम्हीं मान डोलविली. पुढें एका पावसाळी रात्रीं घाटांत दिवे एकाएकीं विझले, यंत्र बंद पडलें, सुकाणूचें चाक जड झालें व ब्रेक दगडासारखा घट्ट झाला. गाडी डोंगराच्या बाजूस आदळली, दरीच्या बाजूस गेली नाहीं, एवढीच ईश्वरी कृपा. पुढें बसलेल्या आमच्या बहिणीचें मनगट मोडलें. तो हात आजहि पुरता वळत नाहीं. गाडींत एअरबॅग असल्याचें सांगितलें होतें, ती उघडली नाहीं. मेस्त्रीनें गालिचा उचलला तेव्हां खालीं नदीचा वाळलेला गाळ निघाला. आणि एअरबॅगच्या दिव्याची तार कापून दुसऱ्या दिव्यास जोडलेली आढळली. ही गोष्ट घेण्यापूर्वीं अर्ध्या तासांत कळण्याजोगी होती. तो अर्धा तास कसा खर्चावा, तेंच येथें क्रमानें सांगतों.

प्रथम कागद. मोटारीचें नोंदणीपत्र, म्हणजेच आर. सी., हा तिचा सातबारा समजावा. त्यावरील चासी क्रमांक व इंजिन क्रमांक हे गाडीवर कोरलेल्या क्रमांकांशीं अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. चासी क्रमांक सतरा अक्षर-अंकांचा असतो. त्याच्या जागीं घासल्याची वा नव्या रंगाची खूण दिसल्यास तेथूनच परतावें. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत जसा बोजा असतो, तसा नोंदणीपत्रावर कर्ज देणाऱ्या बँकेचा बोजा असतो. कर्ज फिटलें असें तोंडीं सांगितलेलें चालत नाहीं. बँकेचा ना-हरकत दाखला व नमुना ३५ घेऊन बोजा उतरवावा लागतो. दंडाच्या थकलेल्या पावत्या परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर गाडीच्या क्रमांकानें पाहतां येतात. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढें तपासणी होऊन ती पांच-पांच वर्षांनीं वाढवावी लागते. याचा हिशेब किंमत ठरवितांनाच करावा.

विम्याचा कागदहि बोलका असतो. ज्या वर्षीं नुकसानभरपाई मागितली नाहीं, त्याबद्दल पुढील वर्षीं हप्त्यांत सूट मिळते. ही सूट वर्षागणिक चढत जाऊन ५० टक्क्यांपर्यंत पोहोंचते. सहा-सात वर्षांच्या गाडीच्या विम्यांत सूट शून्य दिसली, तर भरपाई कशाबद्दल घेतली होती, हा प्रश्न मालकास अवश्य विचारावा. आम्हीं हा एक प्रश्न विचारला असता, तर आमच्या बहिणीचा हात वांचला असता.

दुसरें, पुराची खूण. सन २०१९ मध्यें सांगली-कोल्हापूर, सन २०२१ च्या जुलैंत चिपळूण व महाड, येथें असंख्य गाड्या पाण्याखालीं गेल्या. अशा गाड्या धुऊन-पुसून दूरच्या बाजारांत विकावयास येतात. आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा. आंतील भागावर चिखलाची रेघ असल्यास ती लपत नाहीं. गालिच्याचा कोपरा उचलून खालचा पत्रा पाहावा, आसनाच्या रुळांवरील गंज पाहावा, जादा चाकाच्या खळग्यांत हात घालून गाळ आहे कीं काय तें चांचपावें. दारें-खिडक्या लावून पांच मिनिटें आंत बसावें. कुबट वास आला, किंवा उलट अत्तराचा वास नको तितका आला, तर संशय घ्यावा. पुरांतील गाडी ताबडतोब बंद पडत नाहीं. तारांचे जोड आंतल्या आंत गंजत जातात व गाडी महिन्यांनीं, अगदीं नको त्या जागीं, दगा देते.

तिसरें, सांगाडा. गाडी दिवसाउजेडीं व कोरडी असतांना पाहावी. दारें, बॉनेट व डिकी यांच्या फटी दोहों बाजूंस सारख्या असाव्या. पत्र्यावर लहान लोहचुंबक फिरवावा. पुट्टी भरलेल्या जागीं तो धरत नाहीं. बॉनेटच्या बोल्टांवर पान्याचे ओरखडे असल्यास तो भाग काढला गेला आहे असें समजावें. दार बदललेलें असलें तर तेवढ्यानें बिघडत नाहीं. परंतु पुढील लांब दांड्यांवर जोडकामाचे डाग किंवा वांक दिसल्यास ती गाडी सोडावी. धडक झाल्यास भार झेलणारा भाग तोच होय.

चौथें, जीव वांचविणारीं साधनें. सन २०१४ मध्यें ग्लोबल एनकॅप या संस्थेनें आपल्या देशांतील पांच लोकप्रिय लहान गाड्या ताशीं ६४ किलोमीटर वेगानें आदळून पाहिल्या. मोठ्या माणसांच्या संरक्षणांत पांचांसहि शून्य तारे मिळाले. त्यानंतर नियम कडक झाले. सन २०१९ च्या एप्रिलपासून नव्या गाड्यांस ए. बी. एस. ब्रेक, त्याच वर्षीं १ जुलैपासून चालकाची एअरबॅग, आणि सन २०२२ पासून पुढील दुसऱ्या आसनाचीहि एअरबॅग सक्तीची झाली. म्हणून नोंदणीच्या तारखेपेक्षां बनावटीचा महिना व वर्ष पाहावें. तें नोंदणीपत्रावर असतें. दोन गाड्यांची किंमत जवळपास सारखी असेल, तर मोठी व जुनी घेण्यापेक्षां लहान कां होईना पण या नियमांनंतर बनलेली घ्यावी, असें आमचें स्पष्ट मत आहे. तारे पाहतांना मात्र ते त्याच बनावटीचे व तितक्याच एअरबॅगांच्या गाडीचे आहेत ना, याची खात्री करावी.

एअरबॅगची परीक्षा सोपी आहे. किल्ली फिरवावी, परंतु यंत्र सुरू करूं नये. एअरबॅगचा दिवा लागून कांहीं क्षणांनीं आपोआप विझला पाहिजे. तेल व बॅटरी यांचे दिवे तसेच लागून राहतात. दिवा लागलाच नाहीं, किंवा यंत्र सुरू होतांच तेलाच्या दिव्याबरोबर विझला, तर कोणी तारांत हात घातला आहे असा संशय घ्यावा. आमच्या भाच्याच्या गाडींत हाच प्रकार होता.

टायराच्या बाजूवर चार आंकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे व नंतरचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे सन २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत आली असल्यास टायर बदलण्याचा खर्च किंमतींतून वजा मागावा.

पांचवें, यंत्र. आपण येण्यापूर्वीं गाडी सुरू करून ठेवूं नये, असें मालकास आधींच सांगावें. थंड यंत्र खरें बोलतें. निळा धूर तेल जळत असल्याचा, काळा धूर इंधन जास्त जात असल्याचा, व यंत्र तापल्यावरहि न थांबणारा पांढरा धूर आंत पाणी शिरत असल्याचा. तेलाच्या झांकणाखालीं ताकासारखा पांढरा थर दिसल्यास सावध व्हावें. किलोमीटरचा आंकडा मागें फिरवितां येतो, म्हणून तो दुरुस्तीच्या जुन्या पावत्यांशीं ताडावा. चाळीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीच्या पेडलचें रबर गुळगुळीत झालेलें नसतें. मग निदान दहा किलोमीटर, खडकाळ व डांबरी अशा दोन्ही रस्त्यांवर, गाडी स्वतः चालवावी. मोकळ्या जागीं ब्रेक दाबून ती एका बाजूस ओढते काय तें पाहावें. मेस्त्री आपला न्यावा व त्याची मजुरी आपण द्यावी. विकणाऱ्यानें आणलेला मेस्त्री विकणाऱ्याचाच असतो.

शेवटीं नांवपालट. जमिनीचा जसा फेरफार, तसा मोटारीचा नमुना २९ व ३०. राज्यांतल्या राज्यांत व्यवहार असल्यास विकणाऱ्यानें १४ दिवसांत व घेणाऱ्यानें ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावयाचें असतें. विमा आपल्या नांवें करण्याचा अर्जहि १४ दिवसांत द्यावा. नाहीं तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई अडते. जे बंधु आपली गाडी विकतात, त्यांनींहि हें विसरूं नये. नोंदणी ज्याच्या नांवें, तोच कायद्यानें मालक व अपघाताच्या भरपाईस जबाबदार, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें सन २०१८ मध्यें दिला आहे. कोऱ्या नमुन्यावर सही करून किल्ली देणारा मनुष्य दुसऱ्याच्या अपघाताचा बोजा आपल्या शिरावर घेतो.

इतकें पाहूनहि एखादा दोष नजरेंतून सुटेल. परंतु मोठे दोष सुटणार नाहींत. गाडी चांगली असेल तर तिचा मालक तपासणीस कंटाळत नाहीं. जो घाई करतो, दुसरें गिऱ्हाईक उभें आहे म्हणून सांगतो, त्याची गाडी त्या दुसऱ्या गिऱ्हाइकास खुशाल घेऊं द्यावी. बाजारांत गाड्या पुष्कळ आहेत. घरचीं माणसें मोजकीं आहेत.